किल्ला आणि गोदी

मराठी ऐतिहासिक वाङ्मयाचा मोठा भाग किल्ल्यांच्या तटांवर उभा आहे. हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीचें नांवच पाहावें. आमच्या कल्पनेला चढावयास कडा लागतो व लढावयास बुरूज. याबद्दल तक्रार करण्याचें कारण नाहीं. परंतु या आवडीपायीं समुद्रकांठच्या इतिहासाचें एक अंग आमच्या लेखकांच्या नजरेआड राहिलें आहे, आणि विजयदुर्ग हें त्याचें ठळक उदाहरण होय.

वाघोटन खाडीच्या मुखाशीं असलेल्या या किल्ल्यावर लिहिणारांची वाण नाहीं. २०२५ सालीं युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत त्याचीहि गणना झाली. पण खाडीनें थोडें आंत गेलें म्हणजे गिर्ये गांवच्या बाजूस आंग्र्यांची म्हणून ओळखली जाणारी गोदी आहे; तिचें नांव किती वाचकांनीं ऐकलें असेल? मुंबई इलाख्याच्या १८८० च्या गॅझेटियरांत तिचीं मापें आहेत: लांबी सुमारें ३५५ फूट, रुंदी २२७ फूट. परक्या अंमलदारानें टिपलेल्या या दोन आंकड्यांइतकीहि माहिती आमच्या पुष्कळ रसभरित लेखांतून मिळत नाहीं.

गोदी म्हणजे कारखानाच. भरतीच्या पाण्यावर जहाज आंत घ्यावयाचें, ओहोटीला तें टेकलें म्हणजे तळ खरवडावयाचा, किडलेल्या फळ्या बदलावयाच्या, सांधे बुजवावयाचे. ऑर्म या इंग्रज इतिहासकाराच्या वर्णनाप्रमाणें आंग्र्यांची तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारें तीनशें टनांची असे. एवढें धूड नुसत्या शौर्यावर तरंगत नाहीं. त्याला सागवान लागतें, सुतार व लोहार लागतात, आणि त्यांना वेळेवर पोंचणारी मजुरीहि लागते.

फेब्रुवारी १७५६ मध्यें वॉटसन व क्लाइव्ह यांनीं विजयदुर्ग घेतला, आणि तुळाजी आंग्र्यांचें आरमार बंदरांतच जळालें. या प्रसंगावर आमच्याकडे जी शाई खर्च झाली, ती बहुतेक एकाच वादांत: नानासाहेब पेशव्यांनीं इंग्रजांची मदत घेऊन मराठी आरमार बुडविलें कीं नाहीं? वाद महत्त्वाचा आहे, हें कोण नाकारील? परंतु त्याच्या आवेशांत 'बुडविलें' हा शब्द जणूं इतिहासाचें शेवटचें पान ठरला. वस्तुस्थिति तशी नाहीं. किल्ला त्याच वर्षीं पेशव्यांकडे आला; पुढें विजयदुर्ग हेंच पेशव्यांच्या आरमाराचें ठाणें झालें, आणि एप्रिल १७८३ मध्यें आनंदराव धुळपांनीं कंपनीचें 'रेंजर' हें जहाज पकडलें. जळालेल्या आरमाराच्या जागीं दुसरें आरमार आकाशांतून पडलें नाहीं. तें बांधणारे व दुरुस्त करणारे हात कोठें तरी होतेच. लढाई संपतांच आमचा इतिहासकार तेथून उठून जातो, म्हणून ते त्याला दिसत नाहींत.

मुंबईकडे पाहिलें कीं हा फरक अधिक खुपतो. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले. त्यांचें नांव व त्यांच्या वंशजांचीं नांवें जहाजांच्या नांवांबरोबर नोंदलीं गेलीं. त्या घराण्यानें मुंबईंत बांधलेलें, १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें सागवानी 'ट्रिंकोमाली' आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें जपून ठेवलेलें आहे. कारागीर मुंबईचा असो वा कोंकणचा, कौशल्य दोन्हीकडे होतें. एकाची कीर्ति वहीवर चढली, दुसऱ्याची गाळाखालीं गेली.

अर्थात् गोदीवर पोवाडा रचावा असें येथें सुचवावयाचें नाहीं. पोवाडे पुरेसे आहेत. आरमाराचा नवा इतिहास लिहिणारानें तोफांची मोजदाद करण्याआधीं लांकूड कोणत्या रानांतून आलें, तें खाडीपर्यंत कसें आणलें, व पावसाळ्याचे चार महिने गुराबा कोठें ठेवीत, एवढें विचारलें तरी पुष्कळ झालें. विजयदुर्ग पाहावयास जाणारीं कुटुंबें तट पाहून परत फिरतात. त्यांच्या हातीं असलेल्या माहितीपुस्तकांत खाडीच्या आंतल्या वाटेचा साधा उल्लेख तरी पुढच्या आवृत्तींत यावा.