दोन कानांचा पेला

ज्यूंच्या घरगुती आचारांवरील माझ्या एका जुन्या टिपणात असे वाक्य आहे: ‘जेवणापूर्वी हात धुण्यासाठी दोन कानांचे भांडे धर्मशास्त्राने सांगितले आहे.’ ते चूक आहे. संग्रहालयांच्या सूचीतली छायाचित्रे पाहून मी ते लिहिले आणि मूळ ग्रंथाचा अनुवाद नंतर वाचला.

या भांड्याला हिब्रूत ‘नटला’ म्हणतात. दुकानातले चांदीचे, मीनाकारीचे नमुने पाहिले की या शब्दाचा मराठी अर्थच खरा वाटू लागतो. पण इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’तील ‘यादायिम’, म्हणजे ‘हात’, या प्रकरणात कानांचा नियम नाही. भांडे दगडाचे चालते, कच्च्या मातीचे चालते, शेणाचेसुद्धा चालते. चालत नाही ती फुटक्या भांड्याची खापरी किंवा माणसाची ओंजळ. पाणी किमान पाव ‘लोग’ हवे. आजच्या मापात कोणी ते 86 मिलिलिटर धरतात, कोणी 150. म्हणजे शास्त्राचे लक्ष भांडे अखंड आहे का, पाणी पुरेसे आहे का आणि ते माणसाच्या हातून ओतले जाते का, याकडे आहे.

मग कान कशाला? पहिले पाणी हातावर पडताच स्वतः अशुद्ध होते. दुसरे पाणी त्या पाण्याला शुद्ध करते. अशा वेळी धुतलेला हात न धुतलेल्या हाताच्या ओल्या जागेला लागू नये, म्हणून प्रत्येक हाताला वेगळा कान. ही सोय आहे, आज्ञा नव्हे. एका कानाचा पेला कोरड्या फडक्याने धरला तरी भागते.

जेरुसलेमच्या परिसरात दुसऱ्या मंदिराच्या काळातले चुनखडीचे पेले सापडतात. दगडाला अशुद्धता लागत नाही, हा त्यामागचा विचार. त्यांतले दोन कानांचे तेवढे उचलून ‘नटला’ दोन हजार वर्षे मागे नेण्याचा मोह मलाही झाला होता. पण त्याच पेल्यांत एका कानाचेही आहेत, आणि ते सगळे हात धुण्यासाठीच होते यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

हा काथ्याकूट आपल्याकडच्या अभ्यासासाठीही हवा. कोकणातल्या एखाद्या बेने इस्राएल घरातल्या जुन्या भांड्यांत नटला दिसला नाही, की ‘इथे आचार लोपला होता’ असा निष्कर्ष काढायला वेळ लागत नाही. सरळ काठाचा, न चिरलेला पितळी तांब्या शास्त्राला पुरतो. तो सूचीत ‘पाण्याचे भांडे’ म्हणून जातो. शिवाय आशीर्वचन म्हणून हात धुणे बंधनकारक आहे ते गहू, जव यांसारख्या पाच धान्यांच्या पावापूर्वी. तांदूळ त्या पाचांत नाही. तेव्हा तांदळाच्या भाकरीच्या ताटाशेजारी नटला शोधणाऱ्याने आधी ताटात काय आहे ते पाहावे. माझ्या टिपणातले ते वाक्य मी मागे घेत आहे.