याकोबाचे बारा, राष्ट्राध्यक्षांचे चार



हर्त्झलियाच्या ज्या संस्थेला आज आपण राइखमान विद्यापीठ म्हणतो, तिने २००० साली देशाची सुरक्षा आणि राज्यकारभार या विषयांवर एक परिषद सुरू केली. मंत्री, सेनाधिकारी, प्राध्यापक, उद्योगपती तिथे बोलतात. तिथले बोलणे हवेत विरत नाही. गाझातून बाहेर पडण्याचा बेत पंतप्रधान शारोन यांनी डिसेंबर २००३ मध्ये याच व्यासपीठावरून सांगितला होता.

याच परिषदेत ७ जून २०१५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूवेन रिवलिन यांनी जे भाषण केले, ते 'चार वंशांचे भाषण' म्हणून आजही सांगितले जाते. ते मी नुकतेच पुन्हा वाचले. जन्मभर शाळेत गेल्यामुळे मला त्यातली एक गोष्ट लगेच भिडली. रिवलिन यांनी सैन्याचे किंवा निवडणुकीचे आकडे घेतले नाहीत. त्यांनी पहिलीचा वर्ग घेतला. सर्वसाधारण सरकारी शाळांत सुमारे ३८ टक्के मुले, सरकारी-धार्मिक शाळांत सुमारे १५, आणि अरब व हरेदी शाळांत जवळजवळ एकेक चतुर्थांश. म्हणजे एक मोठा बहुसंख्य समाज आणि बाकीचे अल्पसंख्य, हे जुने चित्र संपले. आता चार वंश आहेत आणि त्यांनी भागीदारीने राहायचे आहे.

हे उघडपणे बोलायला धैर्य लागते, आणि रिवलिन यांनी ते दाखवले. भागीदारीचे त्यांनी चार खांब सांगितले. त्यातला पहिला मला सर्वांत मोलाचा वाटतो : भागीदारीत येताना आपली ओळख सोडावी लागणार नाही, अशी खात्री प्रत्येकाला हवी.

या खात्रीची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. १९६२ साली रब्बानूतीच्या सूचनांनुसार आपल्या मुलामुलींच्या लग्नाआधी आई कोण, आजी कोण, त्यामागे कोण, अशी चौकशी सुरू झाली. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक यरुशलेमात ठाण मांडून बसले. मी तेव्हा मुंबईत शाळकरी मुलगी होते. इकडून आलेले पत्र वाचताना वडील मध्येच थांबले, एवढे मला आठवते. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत. ज्यांच्या वाडवडिलांनी कोकणात तेलाचे घाणे शब्बाथला बंद ठेवले आणि 'शनिवार तेली' हे नाव मिळवले, त्यांच्यासाठी हा ठराव करावा लागला!

मग या चार वंशांत आपण कुठे? मंडळात हे भाषण निघाले तेव्हा एक आजोबा म्हणाले, "याकोबाला बारा मुलगे होते, राष्ट्राध्यक्षांनी चारच मोजले. आपण बाहेर बसायचे का?" सगळे हसले. मीही हसले, पण प्रश्न खरा आहे. आपली नातवंडे त्या आकड्यांत आहेत, कोणी सरकारी शाळेत, कोणी धार्मिक. ती मोजली गेली, पण दिसली नाहीत.

माझा आक्षेप मात्र आपले नाव राहिले, हा नाही. पाचवा वंश म्हणून आपल्याला जागा द्या, असे मी म्हणणार नाही. आक्षेप असा की हे वंश म्हणजे शाळांचे चार हजेरीपट आहेत. १९५३ च्या शिक्षण कायद्याने सरकारी आणि सरकारी-धार्मिक असे दोन प्रवाह केले. हरेदी शाळा निराळ्या राहिल्या, अरबी शाळाही निराळ्या. पहिलीत येणारे मूल दप्तर घेऊन येते, वंश घेऊन येत नाही. ते ज्या फाटकातून आत जाते, त्यावरून आपण त्याचा वंश ठरवतो. फाटक माणसांनी बांधले आहे. भाषणात मात्र ते जन्मापासूनचे असल्यासारखे वाटते.

बेत एल, राहत, हर्त्झलिया आणि बैतार इलीत इथली मुले एकमेकांना भेटत नाहीत, असे रिवलिन म्हणाले. खरे आहे. पण ही चारही गावे एकेका रंगाची. लोद किंवा रामले का नाही घेतले? तिथे आपले पुष्कळ लोक राहतात, आणि अरब शेजारीही. तिथे मुले एकाच बाजारात जातात आणि सकाळी निरनिराळ्या फाटकांतून आत शिरतात. खरी परीक्षा तिथे आहे.

दोष आपलाही आहे. सणवार आणि तेफिला शिकावी म्हणून मीही माझ्या मुलांना धार्मिक शाळेत घातले, आणि त्याचा मला पस्तावा नाही. म्हणून शाळा मोडा, असे मी म्हणत नाही. पण मुले हलत नसतील तर शिक्षक हलू शकतात. अरब बाईंनी आमच्या वर्गाला गणित शिकवावे, आमच्या बाईंनी त्यांच्या वर्गाला हिब्रू. पुढे रिवलिन यांच्या कचेरीने 'तिक्वा इस्राएलित' हा उपक्रम शाळांपर्यंत नेला, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. भाषणात मात्र चार खांब उभे राहिले आणि दार कुठे, ते सांगायचे राहून गेले.

हिब्रूत 'शेवेट' म्हणजे वंश, आणि काठीसुद्धा. काठीने आधार घेता येतो, माणसे हाकताही येतात. यंदा नातवंडे शब्बाथला घरी आली की त्यांना एवढेच विचारा : तुझ्या वर्गात कोण नाही?