घरात राहून बोलणारा दिग्दर्शक

‘मेमरीज ऑफ अंडरडेव्हलपमेंट’ हा १९६८ सालचा क्यूबन चित्रपट मी प्रथम पाहिला तो ऐन विशीत, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. त्यातला सेर्गिओ मला तेव्हा फार जवळचा वाटला. १९६१ साली बायको आणि आईवडील मायामीला निघून जातात. हा मात्र हवानातल्या घरात मागे राहतो आणि सज्जातल्या दुर्बिणीतून बदलणारे शहर न्याहाळतो. वाचलेला, बुद्धिमान, कुणाच्याच बाजूचा नसलेला माणूस! मध्यंतरी तोच चित्रपट पुन्हा पाहिला, आणि त्या वेळच्या माझ्या आवडीचीच मला लाज वाटली.

ही लाज वाटावी, असाच दिग्दर्शक तोमास गुतिएरेस आलेआ याचा बेत आहे. आधी तो आपल्याला सेर्गिओच्या शेजारी बसवतो. मग एलेना ही साध्या घरातली पोर येते. तिला संग्रहालये आणि हेमिंग्वेचे घर दाखवून ‘सुधारण्याचा’ सेर्गिओचा खटाटोप चालतो. कंटाळा येताच तो तिला टाळू लागतो. तिच्या घरचे त्याला कोर्टात खेचतात, तो निर्दोष सुटतो. प्रेक्षकाच्या मनातून मात्र सुटत नाही. कथेच्या मधूनमधून वार्तापटांची खरी दृश्ये येतात. अखेर १९६२ च्या अणुसंकटात रस्त्यावरून रणगाडे जातात, तेव्हाही हा आपल्या घरातच.

आलेआ १९२८ साली हवानात जन्मला. कायद्याची पदवी घेऊन तो चित्रपट शिकायला रोमला गेला. परतल्यावर १९५५ मध्ये हूलिओ गार्सिया एस्पिनोसाबरोबर त्याने लाकडी कोळसा पाडणाऱ्या मजुरांवर ‘एल मेगानो’ हा लघुपट केला. हुकूमशहा बातिस्ताच्या पोलिसांनी तो जप्त केला. १९५९ च्या क्रांतीनंतर सरकारी चित्रपटसंस्था उभी राहिली, तिच्या संस्थापकांत तो होता. म्हणजे नवी राजवट त्याची स्वतःची होती.

आणि तिचेच वाभाडे त्याने १९६६ च्या ‘डेथ ऑफ अ ब्युरोक्रॅट’मध्ये काढले. एका आदर्श कामगाराला त्याच्या कामगार-ओळखपत्रासह पुरतात. विधवेला पेन्शन हवे तर ते पत्र दाखवा! भाचा चोरून प्रेत उकरतो. पण उकरल्याचा परवाना नाही म्हणून ते पुन्हा पुरता येत नाही. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवलेल्या कोणालाही हे हसू ओळखीचे वाटेल.

१९७६ च्या ‘द लास्ट सपर’मध्ये ऊसमळ्याचा मालक पुण्य जोडण्यासाठी बारा गुलामांचे पाय धुतो, त्यांना पंक्तीला बसवतो, दुसऱ्या दिवशी ते कामाला नकार देऊन उठतात, तेव्हा त्यांची मुंडकी उतरवतो. माझ्या मते आलेआची ही सर्वांत कठोर कलाकृती. १९९३ चा, हुआन कार्लोस ताबिओबरोबर केलेला ‘स्ट्रॉबेरी अँड चॉकलेट’ त्यामानाने गोड आहे. समलिंगी दिएगो आणि कम्युनिस्ट विद्यार्थी दाविद यांची मैत्री हृद्य आहे खरी. पण बदलतो तो दाविद आणि देश सोडावा लागतो तो दिएगोला. ज्यांनी त्याला घालवले, त्यांच्यावर चित्रपट पुरेसा रोखून पाहत नाही, ही माझी तक्रार आहे. तरीही सरकारी संस्थेत राहून असा विषय पडद्यावर आणणे सोपे नव्हते. ऑस्करच्या परभाषी विभागात नामांकन मिळालेला हा पहिला क्यूबन चित्रपट.

१९७४ मध्ये अमेरिकन समीक्षकांच्या संघटनेने ‘मेमरीज’साठी आलेआचा गौरव केला, तर तिथल्या सरकारने त्याला व्हिसाच नाकारला. तिकडे काहींनी त्याला राजवटीचा विरोधक ठरवले. ते त्याला मान्य नव्हते. तो टीका करत राहिला आणि हवानातच राहिला. १९९६ मध्ये तिथेच त्याचे निधन झाले.

दोन भाषांच्या गावात वाढलेल्या आपल्याला ‘तू कोणाच्या बाजूचा?’ हा प्रश्न नवा नाही. मी बरीच वर्षे त्यावर सेर्गिओसारखे मौन पाळले आणि त्याला समंजसपणा म्हणत आलो. आपल्या माणसांत राहायचे आणि त्यांच्या चुका त्यांच्या तोंडावर सांगायच्या, हे आलेआचे उत्तर त्याहून अवघड आहे. दुर्बीण खाली ठेवायला मला फार उशीर झाला.