'वऱ्हाडी माणूस आळशी' हे तपासायचं कसं?

"वऱ्हाडी माणूस पाहुणचाराला दिलदार, कामाला आळशी." अशी वाक्यं आपण सगळ्यांनीच ऐकलेली असतात. पण हा समज खरा की खोटा, हे तपासायचं कसं?

२००५ मध्ये 'सायन्स'मध्ये टेरासियानो, मॅक्रे आणि सहकाऱ्यांचा गाजलेला पेपर आला. ४९ संस्कृतींमधल्या लोकांना विचारलं, तुमच्याकडचा टिपिकल माणूस कसा असतो? ती उत्तरं व्यक्तिमत्त्व चाचण्यांच्या सरासरीशी ताडून पाहिली. जुळली नाहीत. म्हणून निष्कर्ष असा की हे समज निराधार आहेत.

निष्कर्ष आपल्याला आवडणारा आहे, म्हणूनच जरा थांबा. चाचणीत माणूस स्वतःबद्दल किंवा ओळखीच्या माणसाबद्दल सांगतो. मेहकरचा शेतकरी 'मी कष्टाळू आहे' यावर खूण करेल, तेव्हा तो स्वतःची तुलना बांधाला बांध लागून असलेल्या शेतकऱ्याशी करेल, कोल्हापूरच्या नाही. मग दोन प्रदेशांत फरक असला तरी सरासरीत दिसणारच नाही. हाइने आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हेच दाखवलं. चालण्याचा वेग, टपाल कामाचा वेग, घड्याळांचा अचूकपणा अशा मापांशी कर्तव्यदक्षतेबद्दलचे समज बऱ्यापैकी जुळले. लोकांनी स्वतःबद्दल दिलेली उत्तरं जुळली नाहीत.

मग वर्तन मोजलं की झालं? तेही नाही. बुलढाण्यात कोरडवाहू कपाशीच्या गावात मार्चमध्ये पारावर बसलेली माणसं मोजली, तर 'आळस' सापडेलच. उसाच्या बागायती गावात तेव्हाही पाणी द्यायचं काम असतं. म्हणजे आपण स्वभाव मोजला की सिंचन?

शिवाय मोजायचं कुणाला? इथले लोक स्वतःच 'घाटावरचे' आणि 'घाटाखालचे' असा भेद करतात. सिंदखेड राजा जालन्याला लागून, जळगाव जामोद सातपुड्याच्या पायथ्याशी. १३ तालुक्यांचा एकच 'वऱ्हाडी' नमुना घेतला, तर तुमचा समज तुमच्या सॅम्पलमध्येच शिरला.

हे फक्त मेथडॉलॉजीचं भांडण नाही. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधल्या विदर्भातल्या सहा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत बुलढाणाही होता. तिथे 'लोकच आळशी' हे उत्तर स्वीकारलं, की पाणी, कर्ज आणि भाव यांबद्दल कुणी विचारतच नाही.

म्हणून प्रश्नावली करताना प्रत्येक प्रश्नापुढे लिहून ठेवा: कुणाच्या तुलनेत? कोणत्या महिन्यात? कोणत्या तालुक्यात? उत्तर लिहिता येत नसेल, तर तो प्रश्न काढून टाका.