पुन्हा ‘ऋतुचक्र’, या वेळी वहीसह

कर्जतहून खोपोलीला जाणाऱ्या लोकलमध्ये सकाळी शिक्षकांची भरपूर गर्दी असते. बदल्या, वेतन, निवडणुकीची कामे हे विषय संपले की कुणीतरी विचारते, “सध्या काय वाचताय?” या प्रश्नाला आपण सहसा खरे उत्तर देत नाही. नुकत्याच गाजलेल्या एखाद्या पुस्तकाचे नाव सांगून मोकळे होतो. सत्तर वर्षांपूर्वीचे पुस्तक तिसऱ्यांदा वाचतो आहे, हे सांगताना उगीचच संकोच वाटतो. तर खरे उत्तर असे, की सध्या पिशवीत दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ आहे आणि त्याच्या जोडीला त्यांनीच केलेला थोरोच्या ‘वॉल्डन’चा अनुवाद, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’. पहिले १९५६ सालचे, दुसरे १९६५ सालचे. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचल्यामुळे पहिल्याविषयीचे माझे मत थोडे बदलले. ते बदललेले मत इथे मांडत आहे.

‘ऋतुचक्र’ आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती भाषेच्या वाटेने आले. ललित गद्याचा नमुना म्हणून आपण ते वाचले, शब्दकळेचे कौतुक केले आणि विज्ञानाच्या तासाला ते कपाटातच ठेवले. हा अन्याय होता. दुर्गाबाई समाजशास्त्राच्या आणि लोकसाहित्याच्या अभ्यासक. पाहण्याची शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली होती. चैत्रापासून एकेका मराठी महिन्यावर एकेक लेख अशी पुस्तकाची रचना असली, तरी एक ऋतू संपला आणि दुसरा सुरू झाला अशी रेघ त्या कुठे ओढत नाहीत. पानगळ, पालवी, मोहोर आणि फळ ही एकमेकांच्या पोटात चालणारी कामे आहेत, हे त्यांचे वाक्य न् वाक्य दाखवते. आपल्या पाठ्यपुस्तकी कोष्टकात मात्र सहा ऋतू सहा चौकटींत बसवलेले असतात आणि प्रत्येक चौकटीत दोन महिने. मुलगा पळसदरी स्टेशनच्या आसपास उभा राहून पाहील, तर त्याला एकाच वेळी पानगळ झालेला साग, फुलांनी लाल झालेली काटेसावर आणि नवी पालवी फुटलेला पिंपळ दिसेल. चौकट खोटी आणि ‘ऋतुचक्र’ खरे, हे त्याला तिथेच कळेल.

इथपर्यंत कौतुक. आता अडचण.

या खेपेला मी पुस्तक पेन्सिल घेऊन वाचले. प्रत्येक फुलापुढे ते कधी फुलले आणि कुठे, एवढेच लिहायचे ठरवले. जागा पुष्कळदा हाती लागली, महिना तर नेहमीच. साल आणि तारीख मात्र बहुतेक ठिकाणी नाहीत. लेखिकेने तक्ता लिहायला घेतलेला नव्हता, तेव्हा हा तिचा दोष म्हणता येणार नाही. पण निसर्गनिरीक्षणाचा आदर्श म्हणून हेच पुस्तक वर्गात नेणारे आपण, आणि त्याच वळणावर मुलांना “चैत्रात झाडे कशी दिसतात ते लिहा” असा निबंध देणारेही आपणच. तिथे गाडी रुळावरून घसरते.

कारण चैत्र स्वतःच जागा बदलतो. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला आला, २०२५ मध्ये ३० मार्चला आणि २०२६ मध्ये १९ मार्चला. आपले महिने चंद्रावर चालतात. बारा चांद्रमासांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणून ते दरवर्षी सूर्यापेक्षा अकराएक दिवस मागे पडते. मग अधिक मास घालून ते पुन्हा ताळ्यावर आणले जाते. झाडाला चंद्राचे हे वेळापत्रक ठाऊक नसते. ते दिवसाची लांबी, तापमान आणि जमिनीतली ओल यांच्या हिशेबाने चालते. म्हणजे “फाल्गुनात पळस फुलला” या वाक्यात तीन आठवड्यांची ढिलाई आधीच बसलेली आहे.

तीन आठवड्यांनी काय बिघडते? इथे थोरो कामाला येतो. ‘वॉल्डन’ (१८५४) हे चिंतनाचे पुस्तक आहे. फुलांच्या तारखा त्यातही शोधून फारशा मिळणार नाहीत. पण थोरोजवळ पुस्तकाखेरीज एक वहीही होती. अमेरिकेतील काँकॉर्ड या आपल्या गावी १८५२ ते १८५८ या काळात शेकडो वनस्पतींचे पहिले फूल कोणत्या तारखेला दिसले, हे तो टिपून ठेवत असे. दीडशे वर्षांनी बोस्टन विद्यापीठातील रिचर्ड प्रिमॅक आणि अब्राहम मिलर-रशिंग यांनी त्याच गावात फिरून त्याच फुलांच्या तारखा घेतल्या आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. तिथली फुले थोरोच्या काळापेक्षा सरासरी सात दिवस आधी फुलू लागली आहेत. वाढत्या तापमानाचा हा पुरावा एका हौशी माणसाच्या वहीतून निघाला. थोरोने मराठी महिन्यांच्या पद्धतीने नोंद ठेवली असती, तर हे सात दिवस त्या तीन आठवड्यांत कुठेच विरघळून गेले असते.

दुर्गाबाईंनी थोरोचे पुस्तक आपल्याला दिले. वही आपण घेतली नाही.

केरळात ही अडचण कमी जाणवते. तिथला विशूचा सण सौर पंचांगाचा, एप्रिलच्या १४-१५ तारखेचा. त्या दिवशी बहाव्याची फुले लागतात. ती आधीच फुलून गळू लागली, तर साध्या गृहिणीच्याही लक्षात येते.

मग मराठी कालगणना या कामाला निरुपयोगी समजायची का? मलाही काही दिवस तसेच वाटले होते. पण खालापूरच्या बाजूच्या एका वाडीवर शेवळ कधी निघते असे विचारले, तेव्हा कुणीच वैशाख-ज्येष्ठ म्हणाले नाही. “रोहिणीत,” असे उत्तर आले. (शेवळ म्हणजे पानांच्या आधी जमिनीतून वर येणारा, वेष्टनात गुंडाळलेला फुलोरा. भाजीत काकडाची आंबट फळे घातली नाहीत तर घसा खवखवतो. कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक त्याला कारण.) रोहिणी, मृग, आर्द्रा ही शेतकऱ्यांची नक्षत्रे चंद्राची नाहीत, सूर्याची आहेत. सूर्य रोहिणीत २५ मेच्या सुमारास जातो, मृगात ७-८ जूनला, आर्द्रात २१-२२ जूनला. पाडवा कुठेही सरको, मृग जागचा हलत नाही. भाताची पेरणी ज्याच्यावर सोडायची ते पंचांग पक्के असावे लागते, आणि ते या वाड्यांनी पक्के ठेवले आहे. माझ्या मते ‘ऋतुचक्र’ची मोठी उणीव हीच, की सणावारांचे आणि काव्याचे पंचांग त्याने घेतले, नांगराचे बाजूला राहिले.

आपल्या भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. कर्जत-खालापुरात गेल्या काही दशकांत टेकड्यांच्या पायथ्याशी फार्महाऊस आणि बंगल्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. पळस-पांगारा गेला आणि कुंपणाशी मादागास्करचा गुलमोहर आला. “पूर्वी बहावा उशिरा फुलायचा”, “शेवळं आता तितकी मिळत नाहीत” असे म्हातारी माणसे सांगतात. ती बहुधा खरेच सांगत असतील. पण कुणी पुरावा मागितला तर दाखवायला आपल्याकडे एक पानही नाही.

म्हणून शिक्षकांना माझी शिफारस अशी, की ‘ऋतुचक्र’ पुन्हा वाचावे, मुलांपुढे मोठ्याने वाचावे आणि शेजारी दोनशे पानी वही ठेवावी. डोळा कसा वापरायचा हे पुस्तकाकडून घ्यावे आणि तारीख स्वतः घालावी. इंग्रजी तारीख लिहावीच, शेजारी नक्षत्र लिहिले तर घरची माणसेही वही वाचतील. झाडे तीन-चारच निवडावीत. पहिली कळी, पहिले उमललेले फूल आणि निम्मी पाने झडल्याचा दिवस एवढे पुरे. पहिले फूल कशाला म्हणायचे यावर मुले भांडतात. शेंड्यावरचे एकच फूल चालेल की तीन फांद्यांवर हवे? जे ठरेल ते पहिल्याच पानावर लिहावे, म्हणजे दहा वर्षांनंतरची मुलेही तोच नियम लावतील. त्याच पानावर झाडाचा पत्ताही हवा. नुसते “पळस” लिहून भागत नाही. “शाळेच्या मागे, विहिरीकडच्या बांधावरचा दुसरा पळस” असे लिहावे. आणि आपली बदली झाली की वही पिशवीतून घरी नेऊ नये, ती शाळेच्या दप्तरात नोंदवून ठेवावी.