कॅबिनेटमधला वारा

बाजूचं झाकण काढलं की आधी डोळ्यांत भरते ती मोकळी जागा. समोरच्या जाळीपासून प्रोसेसरवरच्या हीटसिंकपर्यंत मध्ये काहीही नाही. केबलींचा गुंता नाही, एकही आडवी पट्टी नाही, आणि जुन्या हार्ड डिस्कसाठी दिलेला पिंजरा तर स्क्रू काढून माळ्यावर टाकलेला. माझ्या भाच्याने रत्नागिरीत, शिरगावच्या घरी, सुटे भाग आणून स्वतः जोडलेला हा पीसी. आत कोणता प्रोसेसर आहे, कोणतं ग्राफिक्स कार्ड आहे, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. मला त्यातल्या वाऱ्याबद्दल बोलायचं आहे, कारण या जोडणीतली खरी कारागिरी तिथे आहे.

भाचा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. लग्नसराई एप्रिल-मेमध्ये, म्हणजे काम सगळ्यात जास्त तेव्हाच उकाडाही सगळ्यात जास्त. एक फिल्म रेंडरला लावली की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून ३०० वॉटच्या आसपास वीज खातात, आणि ही सगळीच्या सगळी वीज शेवटी उष्णता होते. ती बाहेर न्यायला वारा किती लागेल याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्रावर होतो. आत आलेली हवा बाहेर पडेपर्यंत १० अंशांनीच तापावी अशी अट घातली, तर ३०० वॉटसाठी सेकंदाला सुमारे २६ लिटर हवा लागते. ४५ लिटरच्या कॅबिनेटातली हवा मग दर दोन सेकंदांच्या आत पूर्ण बदलायला हवी. फॅनच्या खोक्यांवर मिनिटाला घनफूट असं माप छापलेलं असतं, त्या मापात हे ५५ होतात. आर्क्टिकच्या पी-१२ सारख्या १२० मिलिमीटरच्या साध्या फॅनवर ५६ चा आकडा आहे. म्हणजे कागदावर एक फॅन पुरा! पण तो आकडा मोकळ्या हवेत, पुढेमागे कसलाही अडथळा नसताना मोजलेला. पुढे जाळी आली, तिच्यामागे फिल्टर आला, मग हीटसिंकच्या पात्या आल्या, की हातात त्यातला जेमतेम काही हिस्सा उरतो. या जोडणीतला प्रत्येक निर्णय हा हिस्सा वाढवण्यासाठी घेतलेला आहे. फॅन वाढवण्याचा सोपा मार्ग त्याने सगळ्यात शेवटी ठेवला.

तापमान तो ज्या रीतीने वाचतो तीही मला आवडते. प्रोसेसर ७५ अंशांवर गेला एवढं ऐकून तो कधी हुरळत नाही, घाबरतही नाही. खोलीत तेव्हा किती होतं हा त्याचा पहिला प्रश्न. टेबलावर एक साधा थर्मामीटर ठेवलेला आहे, आणि वहीत लिहिला जातो तो फक्त फरक. वाऱ्यावर चालणारी कोणतीही व्यवस्था आतला भाग खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. म्हणून खोली ३२ वर असताना आलेले ७५ आणि २४ वर असताना आलेले ६७ यांत त्याच्या लेखी फरक शून्य. कामगिरी तीच, ऋतू वेगळा. या साध्या शिस्तीमुळे त्याला मे महिन्यातलं माप माघातल्या मापाशी ताडून पाहता येतं, नाहीतर थंडी पडल्यावर प्रत्येकालाच आपला पीसी सुधारल्यासारखा वाटतो.

रत्नागिरीच्या हवेबद्दल एक गैरसमज इथे दूर होतो. दमटपणामुळे आपला जीव नकोसा होतो, कारण घाम वाळत नाही. संगणकाला घाम येत नाही. त्याच्या लेखी दमट ३२ आणि कोरडे ३२ जवळपास सारखेच. चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तिथे हाच पीसी, हेच फॅन, दहा-बारा अंश वर चालतील. समुद्राने कोकणाला दिलेलं हे दान आहे. फक्त फाल्गुन-चैत्रात, पूर्वेकडचा वारा जोर धरून खाऱ्या वाऱ्याला दुपारपर्यंत किनाऱ्याबाहेर थोपवतो, तेव्हा इथेही पारा ३७ च्या पुढे सरकतो. त्या दिवसांत तो रेंडर रात्रीवर ढकलतो.

आता प्रत्यक्ष वाट. कोकणातल्या जुन्या घरात ओटीवरून शिरलेला वारा माजघरातून सरळ परसदारी निघतो, कारण दारं एका ओळीत काढलेली असतात; या कॅबिनेटची आखणी तशीच आहे. पुढचे दोन फॅन हवा आत घेतात. वरच्या फॅनचा झोत थेट प्रोसेसरच्या उभ्या हीटसिंकवर येतो, त्याच्या पात्यांमधून जातो आणि मागच्या फॅनने बाहेर काढला जातो. पुढचा वरचा, हीटसिंकवरचा आणि मागचा असे तीन फॅन, जवळजवळ एका उंचीवर, एका दिशेने. प्रोसेसरची उष्णता तयार होते ती सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या चिपमध्ये. तिथून ती तांब्याच्या नळ्यांत जाते. त्या नळ्या भरीव नाहीत. आत निर्वातासारख्या कमी दाबाखाली थोडंसं पाणी असतं. ते गरम टोकाला वाफ होतं, पात्यांपाशी पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून परत येतं. जॉर्ज ग्रोव्हरने १९६३ मध्ये लॉस अलामॉसला ही युक्ती प्रत्यक्षात आणली आणि पुढे ती उपग्रहांत गेली. आज ती शिरगावात टेबलाशेजारी चालू आहे, एकही हलता भाग न वापरता. चिपपासून पात्यांपर्यंतचा प्रवास या नळ्यांनी सोपा केला. पात्यांपासून घराबाहेरपर्यंतचा प्रवास मात्र पूर्णपणे जोडणाऱ्याच्या हातात.

पुढचा खालचा फॅन ग्राफिक्स कार्डासाठी आहे. कार्ड स्वतःचे फॅन घेऊन येतं, ते खालून हवा ओढतात आणि तापलेली हवा कॅबिनेटातच सोडून देतात. म्हणून कार्डाच्या पोटाखाली ताजी हवा पोचली नाही, तर ते आपलीच उष्ण हवा पुन्हा पुन्हा खात बसतं. भाच्याने एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, केबली मदरबोर्डच्या मागच्या बाजूला वळवल्या आणि कार्डाखालची जागा पूर्ण रिकामी केली. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काही जण काढून टाकतात, हवा खेळेल म्हणून. त्याने त्या कार्डाच्या वरच्या बाजूला लावूनच ठेवल्या आणि फक्त खालच्या दोन जागी जाळीच्या पट्ट्या बसवल्या. उष्ण हवेला कार्डामागून बाहेर पडायला वाट मिळाली, आणि मागच्या फॅनने नुकतीच बाहेर टाकलेली हवा वरच्या फटीतून परत आत ओढली जाणं थांबलं.

वर मात्र एकच फॅन आहे, तोही मागच्या कोपऱ्यात, जरी जागा दोनची आहे. मी विचारलं, "पुढचा का काढलास?"

"मामा, तो समोरून आलेला वारा वाटेतच पळवत होता."

हे त्याने उत्तम ओळखलं आहे. छताला समोरच्या बाजूस हवा बाहेर फेकणारा फॅन लावला की पुढच्या फॅनने आणलेली थंड हवा हीटसिंकपर्यंत पोचण्याआधीच वरून निघून जाते. फॅन जास्त, आवाज जास्त, आणि प्रोसेसर होता तिथेच किंवा थोडा वर. इथे लोक उष्ण हवा वर जाते या नियमाचा आधार घेतात. नियम खरा आहे, पण त्याचं बळ किती? कॅबिनेटच्या उंचीवर, १० अंशांच्या फरकाने निर्माण होणारा दाब ०.१५ पास्कलच्या आसपास भरतो. बारा सेंटीमीटरचा साधा फॅन २० पास्कलपर्यंत दाब देऊ शकतो, म्हणजे शंभर पटींहून अधिक. फॅन फिरायला लागला की उष्ण हवा तो नेईल तिकडे जाते, खालीसुद्धा. तैवानच्या सिल्व्हरस्टोन कंपनीने रेव्हन या कॅबिनेटात अख्खा मदरबोर्ड ९० अंशांत फिरवून तळाला १८० मिलिमीटरचे मोठे फॅन लावले होते आणि हवा तळातून छताकडे सरळ नेली. ते फार सुंदर काम होतं. पण त्याचं श्रेय मी हवेच्या वर जाण्याला देणार नाही, न वळणाऱ्या वाटेला देईन.

सरळ वाटेचा आग्रह खुद्द इंटेलनेही एकदा धरला होता. १९९५ मध्ये आलेल्या एटीएक्स मांडणीत सुरुवातीची कल्पना अशी होती की एसएमपीएसचा फॅन बाहेरची हवा आत घेऊन प्रोसेसरवर सोडेल. एसएमपीएसमध्ये तापलेली हवा प्रोसेसरला देणं फार काळ टिकणारं नव्हतं, आणि दिशा पुढे उलटली. मग पेन्टियम फोरच्या उष्णतेने हैराण होऊन २००४ च्या सुमारास बीटीएक्स आलं. त्यात प्रोसेसर पुढच्या फॅनसमोर आणून ठेवला होता, आणि त्याच झोतात बाकीचे भाग ओळीने मांडले होते. वाऱ्याच्या दृष्टीने ती मांडणी एटीएक्सपेक्षा कितीतरी नीट होती. पण २००६ मध्ये कमी तापणारे कोअर टू प्रोसेसर आले आणि बीटीएक्स मागे पडलं. मला त्याची हळहळ वाटते. आजही आपण १९९५ च्या आराखड्यात हवेची वाट शोधत असतो, आणि ती शोधण्याचं कसब म्हणूनच घरी जोडणाऱ्याच्या पदरी येतं.

वाट खरोखर अशी आहे का हे पाहायला त्याने उदबत्ती वापरली. सगळे फॅन चालू ठेवून धुराची रेघ प्रत्येक फटीपाशी, प्रत्येक सांध्यापाशी नेली. जिथे धूर आत ओढला जातो तिथून धूळही जाणार. आत येणारी हवा बाहेर फेकल्या जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली की फटींतून हवा बाहेरच पडते आणि आत येणारी सगळी फिल्टरमधून येते. त्याने मागच्या आणि वरच्या फॅनचा वेग उतरवत नेला, फटींपाशी धूर बाहेर ढकलला जाईपर्यंत. ज्या गावात उन्हाळ्यात जांभ्याची तांबडी धूळ उंबरठ्यावर रोज नव्याने बसते, तिथे या कामाचं मोल मोठं. एसएमपीएस तळाला, पंखा खाली करून लावला आहे. तो स्वतःची हवा स्वतः घेतो आणि मागे सोडतो. त्याला फरशीवरची धूळ आणि लादी पुसताना उडणारं पाणी लागू नये म्हणून पीसी चौरंगावर.

आवाजाबद्दल वेगळं सांगायला हवं. फॅनचा वेग १५०० वरून १००० फेऱ्यांवर आणला तर हवा एक तृतीयांशाने कमी होते, पण फॅनला लागणारी ताकद तीस टक्क्यांवर येते आणि आवाज नऊ डेसिबलच्या आसपास उतरतो. बदल्यात आतली हवा १० ऐवजी १५ अंशांनी तापते. हा सौदा करायचा की नाही, हा प्रश्न आवडीनिवडीचा आहे, आणि भाच्याची आवड मला पटते. एडिटिंग करणाऱ्याला सनईचा सूर कुठे तुटतो ते ऐकू यायला हवं. त्याने फॅनची प्रतिक्रिया मुद्दाम संथ ठेवली आहे. प्रोसेसरचा पारा क्षणात उसळतो आणि क्षणात बसतो. त्याच्यामागे फॅन धावले तर सतत चढउतार कानावर येत राहतो. इथे फॅन काही सेकंद थांबून, खात्री करून, सावकाश चढतात. सगळे फॅन एकाच वेगाने फिरत नाहीत हेही जाणीवपूर्वक, कारण काही वेगांना पात्यांचा घुमणारा आवाज येतो आणि ते वेग तो टाळतो.

आणि मग त्याने उष्णताच कमी केली. चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरवलं तर त्याच वेगाला वीज सुमारे १९ टक्के कमी लागते. कार्डाला जेवढं सोसतं तेवढं त्याने उतरवलं आणि रात्रभर रेंडर लावून तपासलं. माझ्या मते या सगळ्या कामातला हा सर्वात शहाणा भाग आहे, जरी तो डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला एकही रुपया लागत नाही.

पावसाळ्याचं गणित वेगळं. रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि हवेत मीठ असतंच. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचे कण ओल शोषून विरघळतात, आणि बंद पडून राहिलेल्या बोर्डवर खारट ओलीचा थर धरतो. सोनेरी टोकं काळी पडतात, यूएसबीची तोंडं गंजतात. चालू पीसीत मात्र असं होत नाही. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल आणि तीच हवा आत ३८ पर्यंत तापली, तर तिची आर्द्रता ५१ टक्क्यांवर येते. म्हणून आषाढ-श्रावणात, काम नसलं तरी, भाचा तो रोज तासभर चालू ठेवतो. उन्हाळ्यात जिला हाकलण्यासाठी एवढा खटाटोप केला, तीच ऊब पावसात आतले भाग कोरडे ठेवते. दुकानदार हे सांगत नाहीत, पण किनाऱ्यावर राहणाऱ्या प्रत्येक पीसीवाल्याने हे ध्यानात ठेवायला हवं.

एक गोष्ट मला खटकते. समोरचा फिल्टर चिमटीत धरून निघतो, पण एसएमपीएसखालचा मागून ओढावा लागतो. त्यासाठी चौरंग पुढे घ्या, केबली सोडवा, मग हात घाला. असा फिल्टर लोक धूत नाहीत, आणि न धुतलेल्या फिल्टरने वर सांगितलेला सगळा हिशेब चुकतो. दोष कॅबिनेट बनवणाऱ्याचा आहे, जोडणाऱ्याचा नाही. पुढचं कॅबिनेट घेताना आधी तो पुढून निघतो का ते पाहायचं, काचेचं झाकण आणि रंगीत दिवे नंतर, असं त्याने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.