कुत्रा कोणाचा आणि कुत्र्याचं कोण

एरिक नाइटच्या ‘लॅसी कम-होम’ या कादंबरीचा शेवट एका खोट्यावर उभा आहे. आणि ते खोटं बोलतो कादंबरीतला सगळ्यात श्रीमंत माणूस.

लॅसी म्हटलं की आठवते ती सिनेमा-मालिकांमधली देखणी, लांब केसांची कोली कुत्री. कोणीतरी संकटात सापडतं आणि ती धावून जाते. १९४० सालच्या मूळ कादंबरीत मात्र एवढं गोड काही नाही. इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये खाण बंद पडलेली आहे. सॅम कॅराक्लफ हा खाणकामगार बेकार आहे. घरात खायची मारामार, म्हणून तो मुलाची लाडकी कुत्री ड्यूकला विकतो. ड्यूक तिला स्कॉटलंडला नेतो. ती तिथून पळते आणि शेकडो मैल चालत, जखमी पायांनी घरी येते. वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो, पण गोष्ट इथे संपत नाही. सॅमने पैसे घेतले आहेत. कायद्याने कुत्री ड्यूकची आहे. आयुष्यभर शब्दाला जागलेला सॅम तिचं रूप असं काही बदलतो की ती ओळखू येऊ नये. ड्यूक येतो. तिच्याकडे बघतो, तिचे सोललेले पंजे बघतो. त्याने तिला ओळखलं आहे हे आपल्याला कळतं. आणि तो सांगतो, ही कुत्री माझी नाहीच.

आता याच प्रसंगात लॅसीच्या खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली मायक्रोचिप आहे अशी कल्पना करा. ड्यूकच्या नोकराने स्कॅनर टेकवला, ‘टुक’ असा आवाज आला, पडद्यावर पंधरा आकडे उमटले. त्या आकड्यांसमोर नाव ड्यूकचं. सॅमची लबाडी तिथेच उघडी पडली असती आणि ड्यूकच्या मोठेपणाला जागाच उरली नसती. लॅसी पुन्हा स्कॉटलंडला.

गेले काही महिने मी हरवलेल्या आणि चोरीला गेलेल्या कुत्र्यांच्या गोष्टी वाचतो-बघतो आहे, आणि प्रत्येक गोष्टीला हाच प्रश्न विचारतो आहे: इथे चिप असती तर? या प्रश्नाने गोष्टीचं तर कळतंच, पण चिपबद्दलही बरंच कळतं.

चिप नेमकं काय सांगते

बऱ्याच जणांना वाटतं की चिप म्हणजे कुत्र्याच्या अंगातला गूगल मॅप. तसं नाही. तांदळाच्या दाण्याएवढी ती काचेची कुपी असते. तिच्यात बॅटरी नसते, जीपीएस नसतं. स्कॅनर अगदी जवळ आणला की त्याच्याच लहरींवर ती क्षणभर जागी होते, आपला क्रमांक सांगते आणि गप्प बसते. कुत्रा कुठे आहे हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी पट्ट्याला लावायचे ट्रॅकर मिळतात. पण ते चार्ज करावे लागतात, आणि चोराने पट्टा कापून फेकला की ट्रॅकर फक्त पट्टा कुठे पडलाय एवढंच दाखवतो. चिप अशी काढून टाकता येत नाही, हा तिचा मोठा गुण.

पण चिपमध्ये तुमचं नाव नसतं. नाव, पत्ता, फोन नंबर हे सगळं त्या क्रमांकासमोर कुठल्या तरी नोंदणीत असतं. तुम्ही फोन नंबर बदललात आणि नोंद बदलली नाहीत, तर अंगात उरतो तो नुसता क्रमांक. इंग्लंडमध्ये २०१६पासून कुत्र्यांना आणि जून २०२४पासून मांजरांनाही चिप सक्तीची आहे. नोंद अद्ययावत ठेवणं हाही त्या सक्तीचाच भाग आहे.

म्हणजे चिप ‘हा कुत्रा कोणाचा?’ या प्रश्नाचं उत्तर देते. ‘या कुत्र्याचं कोण?’ हा प्रश्न तिच्या कक्षेत येत नाही. मराठीत हे दोन प्रश्न किती वेगळे आहेत ते मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात मालकी आहे, दुसऱ्यात माया. लॅसीच्या कादंबरीत पहिल्याचं उत्तर ड्यूक आणि दुसऱ्याचं उत्तर सॅमचा मुलगा. या दोन उत्तरांमधल्या फटीतून सगळी कादंबरी निघते.

पट्टा, खंडणी आणि कापलेले केस

व्हर्जिनिया वुल्फचं ‘फ्लश’ (१९३३) हे कवयित्री एलिझाबेथ बॅरेटच्या स्पॅनियल कुत्र्याचं चरित्र आहे. वुल्फच्या चाहत्यांमध्येही ते ‘हलकं पुस्तक’ म्हणून बाजूला ठेवण्याची पद्धत आहे. मला हे पटत नाही. मालकी या विषयावर इतकं तीक्ष्ण आणि इतकं गमतीदार पुस्तक मी दुसरं वाचलेलं नाही.

फ्लश लंडनच्या श्रीमंत विम्पोल स्ट्रीटवर राहतो. एके दिवशी तो चोरीला जातो. त्या काळी लंडनमध्ये कुत्री पळवणं हा व्यवस्थित चालणारा धंदा होता. कुत्रा उचलायचा, व्हाइटचॅपेलच्या वस्तीत नेऊन ठेवायचा, खंडणी मागायची आणि दिली नाही तर डोकं आणि पंजे पार्सलने घरी येतील अशी धमकी द्यायची. प्रत्यक्षात फ्लश तीनदा चोरीला गेला होता. वुल्फने त्या तीन चोऱ्यांची एक केली आणि तसं टिपेत सांगूनही टाकलं.

एलिझाबेथचे वडील पैसे द्यायला तयार नाहीत. प्रियकर रॉबर्ट ब्राउनिंगही म्हणतो की खंडणी देणं म्हणजे चोरांपुढे मान तुकवणं. दोघांचंही तत्त्व बरोबर आहे, पण त्या तत्त्वाची किंमत चुकवायची आहे कुत्र्याने. एरवी आजारपणामुळे खोलीबाहेर न पडणारी एलिझाबेथ मोलकरणीला घेऊन बग्गीने थेट त्या वस्तीत जाते. चोरांचा हिशोब सोपा आहे: कुत्र्याचा भाव त्याच्या जातीवर ठरत नाही, मालकिणीच्या जिवाच्या घालमेलीवर ठरतो.

इथे चिप असती तर? काहीच फरक पडला नसता. कुत्रा कोणाचा हे चोरांना पक्कं माहीत होतं, म्हणून तर चोरी. चिप उपयोगी पडते ती चोरीचा कुत्रा तिसऱ्याला विकला जातो आणि तो तिसरा त्याला डॉक्टरकडे नेतो तेव्हा. खंडणीखोरापुढे ती हतबल आहे. आणि कायद्याचं म्हणाल, तर इंग्लंडमध्ये अगदी परवापर्यंत कुत्र्याची चोरी म्हणजे वस्तूची चोरी, सायकल गेली तशीच. कुत्रा-मांजर पळवणं हा तिथे स्वतंत्र गुन्हा झाला तो २०२४मध्ये.

पण पुस्तकाची खरी गंमत पुढे आहे. एलिझाबेथ ब्राउनिंगशी लग्न करून इटलीला पळते, फ्लशही तिच्याबरोबर. तिथे साखळी नाही, पट्टा नाही. मग पिसवांमुळे त्याचे केस भादरावे लागतात. त्याचं कुळ, त्याची जात, त्याचा तोरा सगळं त्या केसांत होतं. आधी त्याला लाज वाटते. मग लक्षात येतं की आता आपण कोणीच नाही, आणि कोणीच नसणं फार सुखाचं आहे. ओळखीची खूण गेल्यावर तो मोकळा होतो, आणि तरीही एलिझाबेथचाच राहतो. वुल्फ हे हसत-हसत सांगते म्हणून ते हलकं होत नाही.

पत्ता नसलेली मालकीण

या सगळ्यात मला सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट मात्र केली रायकार्टचा ‘वेंडी अँड लूसी’ (२००८) हा सिनेमा. जेमतेम ऐंशी मिनिटांचा आहे. मी तो तीनदा पाहिला आणि दर वेळी माझा राग वेगळ्या माणसावर निघाला.

वेंडी ही तरुण मुलगी कामाच्या शोधात अलास्काला निघाली आहे. सोबत जुनी गाडी, वहीत लिहिलेला पै-पैचा हिशोब आणि लूसी ही कुत्री. ऑरेगनमधल्या एका लहान गावात गाडी बंद पडते. पैसे वाचवायला वेंडी दुकानातून कुत्र्याचं खाणं उचलते आणि पकडली जाते. तिला पकडणारा तरुण कर्मचारी मॅनेजरला सुनावतो की ज्याला कुत्र्याला खाऊ घालणं परवडत नाही त्याने कुत्रा पाळू नये. पोलीस तिला नेतात. लूसी दुकानाबाहेर बांधलेली. वेंडी काही तासांनी सुटून येते तेव्हा तिथे लूसी नाही.

पुढचा सिनेमा म्हणजे नुसतं शोधणं. ती कोंडवाड्यात जाते. फॉर्म भरायचा तर कायमचा पत्ता नाही, फोन नाही. दुकानाबाहेरचा वयस्कर सुरक्षारक्षक तिला स्वतःचा मोबाइल वापरू देतो. ती लूसीच्या फोटोचे कागद चिकटवते. आपल्या अंगावरचे कपडे इथे-तिथे अडकवून ठेवते, वासाने तरी लूसी येईल म्हणून. हा प्रसंग मी विसरू शकत नाही. माणूस कुत्र्याला आकड्याने ओळखायला निघाला आहे, आणि इथे एक मुलगी कुत्र्याला त्याच्या भाषेत आपला पत्ता सांगते आहे. तिच्याकडे तेवढाच पत्ता आहे.

इथे चिप असती तर? लूसी सापडली असती, स्कॅनर फिरला असता, क्रमांक मिळाला असता आणि समोर वेंडीचं नाव आलं असतं. पण फोन कुठे लावणार? चिपला घर लागतं. ती ज्या जगासाठी बनली आहे त्या जगात हरवतो तो कुत्रा, मालक नाही. वेंडीच्या गोष्टीत कुत्री एका ठिकाणी सुखरूप आहे; हरवली आहे ती मालकीण.

शेवटी लूसी सापडते. एका भल्या माणसाच्या घरी, कुंपण घातलेल्या अंगणात. वेंडी कुंपणाला बिलगून तिच्याशी बोलते, पैसे मिळवून परत येईन म्हणते आणि एकटीच मालगाडीत चढते. हा शेवट त्यागाचा आहे असं सहसा म्हटलं जातं. मला हा शब्द फार सोयीचा वाटतो. त्याग म्हटलं की आपले डोळे पाणावतात आणि हिशोब मिटतो. खरं तर त्या क्षणी दुकानातल्या त्या पोराचं म्हणणं अमलात येतं: परवडत नाही, तर पाळू नको. फक्त ते आता वेंडी स्वतःच स्वतःला सांगते. लूसीवर तिच्याएवढा हक्क कोणाचाच नाही, आणि तो हक्क बजावायला लागणारी एकही गोष्ट तिच्याकडे नाही.

सिनेमाबद्दल माझी एक तक्रार आहे. रायकार्ट अंगणवाल्या माणसाला इतका सौम्य ठेवते, ते अंगण इतकं हिरवं दाखवते, की लूसीचं इथेच भलं आहे हे आपण फार लवकर मान्य करून टाकतो. अंगण असणं म्हणजे चांगला मालक असणं, हे समीकरण सिनेमाने जरा तरी खरवडायला हवं होतं. लॅसीच्या कादंबरीत ड्यूकचं आवार हजार पटीने मोठं होतं, आणि तिथून कुत्री पळाली होती.

खाच पडलेला कान

आपल्याकडे चिपचा विषय निघतो तो सहसा कुत्रा परदेशी न्यायचा असतो तेव्हा. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यांची खूण वेगळी आहे: कानाला पाडलेली छोटी खाच. तिचा अर्थ एवढाच की या कुत्र्याची नसबंदी झाली आहे. कोणाचा, हे ती सांगत नाही, कारण तो कोणाचाच नाही. पण त्याला पत्ता आहे. २०२३च्या नियमांप्रमाणे नसबंदी आणि लसीकरण करून त्याला जिथून उचललं तिथेच परत सोडायचं असतं. वेंडीच्या लूसीला मालकीण आहे आणि पत्ता नाही. आपल्या नाक्यावरच्या कुत्र्याला पत्ता आहे आणि मालक नाही.

तो पत्ताही पक्का नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, आणि अकरा दिवसांत तो आदेश बदलून, पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री वगळता, बाकीची परत सोडायला सांगितलं. कुत्रा चावलेल्या पोराच्या आईची भीती खोटी नाही. पण त्या अकरा दिवसांत ‘हा कुत्रा कोणाचा’ या प्रश्नाला उत्तर नसणं म्हणजे काय, ते सगळ्यांना दिसलं.

२०२३मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या वीस भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोड बांधले होते. स्कॅन केलं की कुत्र्याचं नाव, लसीची माहिती आणि त्याला सांभाळणाऱ्याचा नंबर. तिथे मालक असं कोणी नव्हतं, तरी एक फोन नंबर होता. ‘या कुत्र्याचं कोण’ या प्रश्नाला यंत्राने उत्तर दिल्याचं मला माहीत असलेलं हे एकच उदाहरण. ते उत्तरही अर्थात कुठल्या तरी माणसाने आपला नंबर देऊ केला म्हणूनच मिळालं, त्या सुरक्षारक्षकाने वेंडीला मोबाइल दिला तसं.

कुत्रा किंवा मांजर पाळत असाल तर चिप बसवा. या गोष्टी वाचून माझं त्याबद्दलचं मत बदललेलं नाही. फक्त एक ध्यानात ठेवा. आपल्यापैकी कित्येक जण पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. घर बदलतं, नंबर बदलतो, नवा घरमालक ‘पेट्स चालणार नाहीत’ म्हणतो. वेंडी आपल्यापासून तितकीशी लांब नाही. तेव्हा घर बदललंत की गॅस आणि बँकेच्या आधी त्या पंधरा आकड्यांसमोरचा पत्ता बदला. आणि त्या रात्री सामान लावून झालं की ‘वेंडी अँड लूसी’ बघा.